चालता चालता विचारायचा प्रश्न

मला एका जागी बसवत नाही. सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात, आणि तेवढ्या वेळातही मी पानावरून दोन-तीनदा उठते. कधी फोन, कधी पाणी, कधी उगाचच खिडकी. आई म्हणते, हिच्या पायाला भिंगरी आहे. पण भिंगरीपेक्षा तिला माझ्या कामाचा जास्त राग आहे. तरुण मुलंमुली जिवाचं बरंवाईट का करून घेतात आणि ते टाळता कसं येईल, हा माझा अभ्यासाचा विषय. निम्मं आयुष्य मी त्यात घातलं. देवळात ओळखीच्या बायकांनी विचारलं, की आई "मुलगी कॉलेजात असते" एवढं सांगून मोकळी होते. "लोक हळदीवर अभ्यास करतात, द्राक्षांवर करतात. तुला बरं हेच सापडलं!" हे मला अजूनही ऐकून घ्यावं लागतं.

सुरुवातीला मीही रीतसर खुर्चीत बसून मुलाखती घ्यायची. समोर टेबल, टेबलापलीकडे अंग चोरून बसलेला एखादा मुलगा किंवा मुलगी. मी विचारायचं, त्यांनी "बरं चाललंय मॅडम" म्हणायचं. "काही टेन्शन?" "नाही मॅडम." असं तासभर चालायचं. साताऱ्यात एकदा अशीच मुलाखत संपवून मी स्टँडकडे निघाले, तर तो मुलगा "मला पण तिकडंच जायचंय" म्हणून बरोबर आला. पोवई नाक्याच्या चढापर्यंत त्यानं मला जे सांगितलं, ते खोलीत त्याच्या ओठांवर आलंच नव्हतं. एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, पुढे रस्ता असतो, मध्येच एखादा ट्रक जातो आणि गप्प राहायला निमित्त मिळतं. मला तर काय, आयतंच फावलं. तेव्हापासून मी चालत मुलाखती घेते. सहकारी "मॅडमची पदयात्रा निघाली" म्हणून चिडवतात. चिडवू देत. बसून बोलणाऱ्यांना काय ऐकू येतं ते मी पाहिलेलं आहे.

चालायला लागायच्या आधी मी प्रत्येकाला एक गोष्ट सांगते. तू बोलशील ते माझ्यापाशी राहील. मात्र तुझ्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं तर मी गप्प बसणार नाही. कुणाला सांगायचं ते आपण दोघं मिळून ठरवू, पण सांगायचं हे नक्की. काही जण तिथूनच परत फिरतात. मी त्यांना अडवत नाही.

आणि मग तो प्रश्न. आमच्या भागात तो तोंडातून काढणंच अभद्र समजतात. घरात कुणी मरणाबद्दल बोललं तर म्हातारी माणसं लगेच "हूं!" करून दामटतात. तज्ज्ञांच्या समितीनं मला तो प्रश्न लिहून दिला होता तो असा: "आपल्या मनात जीवन संपवण्याविषयीचे विचार येतात काय?" एका मुलानं तो ऐकून मला विचारलं होतं, "हे कुठल्या पेपरला आलंय मॅडम?" शेवटी मी सरळ विचारायला लागले, घरात विचारावं तसं. मरून जावं असं वाटतं का? विचारल्यानं नसलेलं डोक्यात येईल ही सगळ्यांची भीती असते. तसं होत नाही. आमच्या कामात हे पुन्हा पुन्हा तपासून पाहिलेलं आहे. उलट ज्याच्या मनात ते असतं त्याला विचारल्यावर हायसं वाटतं. हे मला माहीत आहे, मी ते इतरांना शिकवते, आणि तरीही विचारायच्या आधी प्रत्येक वेळी मी दहा पावलं जास्तीची चालते.

त्या वर्षी मी कराडला लागून असलेल्या मलकापुरात एका भरती अकॅडमीत जात होते. पोलीस भरती, लष्कर भरती यांची तयारी करून घेणाऱ्या अशा अकॅडम्या सांगली-सातारा या आमच्या दोन्ही जिल्ह्यांत पावलोपावली आहेत. पत्र्याची खोली, दहा-बारा कॉट, भिजवलेल्या हरभऱ्यांची पातेली, आणि पहाटे उजाडायच्या सुमाराला मैदान. गावाकडची मुलंमुली वर्ष-दोन वर्षं तिथं राहून पळतात, गोळा फेकतात, दुपारी गणितं सोडवतात. सगळ्यांचं एकच चाललेलं असतं, आणि त्यातल्या बहुतेकांचं होणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. मी जायचे ते त्याच्यासाठीच.

तिथं एक मुलगी नव्या मुलींचं मैदान घ्यायची. माण तालुक्यातली, म्हसवडच्या अलीकडच्या एका गावची. उंच, काटक, शिट्टी तोंडात धरूनच बोलणारी. तिची निवड झालेली आहे, ऑर्डर तेवढी यायची आहे, असं सगळ्या पोरी मला कौतुकानं सांगायच्या. मी तिला मुलाखतीबद्दल विचारलं तर हसून म्हणाली, "माझं काय घेताय मॅडम, माझं झालंय."

मी मान डोलावली आणि दुसरीकडे वळले. पण पुढच्या खेपेला तीच माझ्यापाशी आली. "चालायचं असतं ना तुमच्यात? चला."

मी चालण्यात कुणाला हार जात नाही, पण तिच्याबरोबर मला धाप लागली. हमरस्त्याच्या कडेनं आम्ही उसाच्या रानांपर्यंत गेलो. तिचा फोन सारखा वाजत होता आणि ती तो न बघताच बंद करत होती. चौथ्यांदा की पाचव्यांदा वाजल्यावर मी म्हटलं, "उचल की. महत्त्वाचं असेल."

"घरनं हाय," ती म्हणाली. "यात्रेला कवा येतीस म्हणून."

म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथाची यात्रा आठवड्यावर आली होती. त्या बाजूची माणसं जगाच्या पाठीवर कुठंही असली तरी रथाला घरी जातात. मी म्हटलं, "मग जायचं की."

"वर्दीवर ये म्हणत्यात," ती म्हणाली, आणि मग तिनं सगळं सांगितलं. पुढे बघत, वेग जराही कमी न करता.

भरतीची तात्पुरती निवड जाहीर झाली तेव्हा तिचं नाव त्यात होतं. त्याच संध्याकाळी तिच्या चुलत्यांनी गावच्या चौकात फ्लेक्स लावला. तिच्या घरी चुलत्यांना तात्या म्हणतात. तात्या लष्करातून हवालदार होऊन निवृत्त झालेले. पोरीला पळायला लावलं त्यांनी, गावातल्या चार माणसांचे टोमणे झेलले त्यांनी, त्यामुळे फ्लेक्सची घाईही त्यांनाच. तात्पुरती हा शब्द त्यांनी काही फ्लेक्सवर घातला नाही. कोण घालतं? गुलाल झाला, जीपवर उभी करून मिरवणूक झाली, फेटा बांधला. फ्लेक्सवर ती पोलिसाच्या वर्दीत उभी होती.

"ती वर्दी माझी न्हवतीच मॅडम," ती म्हणाली. "दुकानात कुणाच्या तरी अंगावर माझं तोंड बसवलंय."

मग वैद्यकीय तपासणी झाली, आणि ती डोळ्यांवर अडली. तिला लांबचं नीट दिसत नव्हतं, आणि हे तिचं तिलाही माहीत नव्हतं. गावात जन्मभर ओळखीच्याच वस्तू बघायच्या, त्यात कळणार कसं? निवडीतून नाव गेलं. ती घरी फोन करून सांगणार होती. फोन लावला तर तात्यांनी उचलला आणि तिनं तोंड उघडायच्या आत विचारलं, "ट्रेनिंगला कवा बोलावलंय?" तिच्या तोंडून निघून गेलं, "सोमवारी." तेव्हापासून गावाच्या लेखी ती पोलीस ट्रेनिंगला होती, आणि प्रत्यक्षात मलकापुरात नव्या मुलींना पळवत होती. आता यात्रेला गाव तिचा पुन्हा सत्कार करणार होतं, या खेपेला खऱ्या वर्दीत.

मला तिडीक आली. फ्लेक्सची आली, गुलालाची आली, जीपवर उभं करणाऱ्या सगळ्या हौशी मंडळींची आली. पण ही वेळ माझ्या तिडकीची नव्हती. मी चालत राहिले. मी विचारलं, "मरून जावं असं वाटतं का तुला?"

तेव्हा ती पहिल्यांदा थांबली. उसाच्या ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या धडधडत गेल्या.

"व्हय," ती म्हणाली. "रथाच्या आधी."

इतक्या वर्षांत हे उत्तर मी पुष्कळदा ऐकलेलं आहे. मी तिला म्हटलं, बरं केलंस सांगितलंस. म्हटलं, आता हे तुझ्या एकटीच्या डोक्यावर नाही, आणि आपण सुरुवातीला काय बोललो होतो ते तुझ्या लक्षात असेलच. तिनं मान हलवली. आम्ही तिथूनच मागे वळलो. दुपारी मी तिला कराडच्या माझ्या ओळखीच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेले. ते तिच्याशी निवांत बोलले, औषध सुरू केलं, आणि तिला एकटीला ठेवायचं नाही, घरच्यांना सांगायला उशीर करायचा नाही, असं दोघींना बजावलं. तिच्या खोलीतल्या दोघी मुलींना तिनं स्वतःच थोडंफार सांगितलं. त्या रात्री त्या तिच्या दोन्ही बाजूंना कॉट लावून झोपल्या.

घरी कुणाला सांगायचं हे मी तिलाच विचारलं. मला वाटलं होतं, आईचं नाव घेईल.

"तात्यांना," ती म्हणाली.

"फ्लेक्स लावला त्यांनाच?"

"त्यांनाच. दुसऱ्या कुणाच्या तोंडनं कळलं तर त्यांचं काय हुईल?"

मी तेव्हा फक्त तिच्याकडे बघत होते, त्यामुळे हे वाक्य माझ्या कानावरून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही माझ्या गाडीतून निघालो. कराडपासून ऊस काही काळ सोबत करतो, वडूज सोडलं की रान उघडं पडायला लागतं, आणि दहिवडीच्या पुढे नुसत्या बाभळी, मेंढरं आणि वारा. ती काच खाली करायची, वर करायची. मी गाणी लावली, बंद केली. आई फोनवर "कुठं पोचलीस, जेवलीस का" विचारत होती, तिच्यावर मी विनाकारण खेकसले. गाडी चालवणं हे माझ्यासारख्या माणसाला फार वाईट, कारण पाय अडकलेले असतात आणि डोकं मोकाट सुटतं. घरचे काय म्हणतील? मी हिला वाघाच्या तोंडी तर नेत नाहीये? मलकापुरात ठेवून त्यांनाच तिकडे बोलावलं असतं तर? सगळं आदल्या दिवशी बोलून झालं होतं, तिला हवं तसंच चाललं होतं, तरी जीव टांगणीला लागला होता.

चौकात गाडी आली आणि फ्लेक्स दिसला. एसटीच्या शेडवर, चांगला दोन माणसं उंच. उन्हानं तांबडा रंग उडून गुलाबी झाला होता. 'गावची वाघीण' असं काहीतरी लिहिलेलं, खाली शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो, आणि मधोमध ती, कुणा दुसऱ्याच्या धिप्पाड खांद्यांवर आपली बारीक मान घेऊन सॅल्यूट ठोकत असलेली. शेजारी बसलेली खरी ती मांडीवरच्या ओढणीकडे बघत होती.

तात्या अंगणातच होते. साठीचा, ताठ कण्याचा माणूस, मिशा कोरलेल्या, पायांत अजूनही लष्करी काळे बूट. पोरगी गाडीतून उतरलेली बघून त्यांचा चेहरा फुलला, आणि माझ्याकडे बघून त्यांनी चक्क सॅल्यूट केला. "या, या मॅडम! ट्रेनिंगच्या मॅडम का तुमी? आवं, आधी कळवायचं तर, चार माणसं बोलावली असती!" त्यांनी आत वळून चहाला सांगितलं, शेजाऱ्याला हाक मारली, खुर्ची स्वतःच्या उपरण्यानं पुसली. मी "अहो, तसं नाही" म्हणेपर्यंत शेजारी गुलाबाचं फूल घेऊन हजर झाला होता.

मी शेजाऱ्याला हात जोडले आणि म्हटलं, आम्हाला घरचं थोडं बोलायचं आहे. तो गेला. मग ती बोलली. उभी राहूनच बोलली, हात मागे बांधून, वरिष्ठापुढे हजर झाल्यासारखी. डोळ्यांचं सांगितलं, नाव गेल्याचं सांगितलं, सोमवारचं सांगितलं.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांची पहिली नजर चौकाच्या दिशेनं गेली. मग ते हलक्या आवाजात म्हणाले, "बरं. झालं ते झालं. आता यात्रा होऊन जाऊ दे. वर्दीचं मी बघतो, आणतो कुणाची तरी. रथ झाला की निवांत सांगू गावाला."

"तात्या, नको."

"अगं, चार दिस. चार दिसांत कोण मरतंय काय?"

"मी मरणार हुते," ती म्हणाली.

आतून तिची आई कपबशा घेऊन येत होती, ती उंबऱ्यातच थांबली. तात्यांचा हात वर झाला. "हूं! असलं अभद्र—" एवढं ते बोलले, आणि हात तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "खरं आहे ते. काल डॉक्टरांना दाखवलंय. यात्रेपर्यंत थांबण्यासारखं नाही." माझा आवाज चढला होता हे मला नंतर कळलं. मला त्यांना आणखी बरंच सुनवायचं होतं, वर्षभर साठलेलं सगळं. पण ते खुर्चीत बसले होते, आणि इतका ताठ माणूस पाठीला पोक काढून बसलेला बघून मी तोंड आवरलं.

ते थोड्या वेळानं उठले. गोठ्यामागून शिडी काढली, खांद्यावर घेतली आणि बाहेर पडले. आम्ही सगळ्या मागोमाग. भर दुपार होती, चौकात पारावर पाच-पन्नास माणसं होती, यात्रेची वर्गणी चालली होती. तात्यांनी शिडी एसटीच्या शेडला लावली. खालून कुणीतरी ओरडलं, "काय तात्या, नवा लावायचा का मोठा?"

"न्हाई," तात्या वरूनच म्हणाले, साऱ्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात. "निवड न्हाई झाली पोरीची. मी घाई केली. चूक माझी हाय, तिला कुणी इचारायचं न्हाई. मला इचारा."

पारावरची माणसं वर्गणीच्या वहीकडे वळली. त्यांनी एकेक तार सोडली, फ्लेक्सची घडी घातली, काखेत मारली आणि शिडी घेऊन घराकडे चालू लागले. मला तो माणूस त्या क्षणी फार आवडला. वडील रानातून आले तोवर सगळं झालं होतं. त्यांनी लेकीला जवळ घेतलं, आईनं रडून घेतलं, चहा दुसऱ्यांदा झाला. तिला एकटं ठेवायचं नाही, औषध चुकवायचं नाही, कुठल्या खुणांवर लक्ष ठेवायचं, हे मी सगळ्यांना समजावलं. निघताना बघितलं तर तात्या शेळ्यांच्या शेडवर फ्लेक्स अंथरत होते. आमच्याकडे उतरलेला फ्लेक्स वाया जात नाही, गंजीवर नाहीतर गोठ्यावर जातो. चित्राची बाजू त्यांनी खाली केली होती.

ती यात्रेला गेली. साध्या पंजाबी ड्रेसवर, रथावरचा गुलाल डोक्यात घेऊन. तिनं फोटो पाठवला, तो मी आईला दाखवला. आई म्हणाली, "पोर गोड आहे." माझ्या कामाबद्दल तिनं काढलेला हा एवढाच बरा उद्गार.

पुढचे महिने मी तिला फोन करत राहिले. आधी रोज, मग दिवसाआड, मग आठवड्यानं. आमच्या कामात शेवट असा नसतोच. एखाद्या डॉक्टरला गाठ काढून दाखवता येते, मला काय दाखवता येतं? काहीही झालं नाही, हेच माझं यश, आणि ते आज नाही झालं म्हणून उद्या होणार नाही असं नसतं. फोन दोन वेळा उचलला गेला नाही की मी घरातल्या घरात येरझाऱ्या घालायची. ती मात्र ठीक होती. औषध घेत होती, कराडला दाखवायला येत होती, चष्मा लागला होता. गावातल्या शाळेच्या मैदानावर मुलींना पळवायला लागली होती.

नंतर उन्हाळ्याच्या तोंडावर एका सकाळी तिचाच फोन आला. "मॅडम, आज याल का? फोनवर नको."

माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. "तू ठीक आहेस ना? एकटी आहेस का?"

"मी ठीक हाय. खरंच. पण या."

सांगलीहून तिचं गाव जवळ नाही. त्या रस्त्यानं मी काय काय मनात आणलं ते लिहीत नाही. विट्यात थांबून मी तिला पुन्हा फोन केला आणि तिचा आवाज ऐकून पुढे निघाले. चौकात एसटीच्या शेडवर आता कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स होता.

ती मला घराच्या अलीकडेच भेटली, बांधावर. चष्म्यातून तिचे डोळे मोठे दिसत होते. आम्ही आपोआप चालायला लागलो. शेळ्यांच्या शेडपाशी तिनं मला वाकून आत बघायला लावलं. छपराला आतून तिचा तो सॅल्यूट करणारा फोटो होता, खालून शेळ्या पाला खात होत्या.

"आता शेळ्याच बघत्यात मला," ती म्हणाली. "त्या बऱ्या. कुठवर आलं म्हणून इचारत न्हाईत."

मला हसू आलं. ती हसली नाही.

"तात्या हितं येऊन बसत्यात मॅडम. रोज. चौकात जायचं त्यांनी कवाच बंद केलंय. चहाला जात न्हाईत, पारावर बसत न्हाईत, रानात जायचं तर मागल्या वाटंनं. घरातली म्हणत्यात, वय झालं. मला काय ते वयाचं वाटंना. काल इथंच बसले हुते, वर बघत. मी म्हटलं, चला तात्या, जरा बांधानं फिरून येऊ."

मी थांबले. हा प्रश्न मी इतक्या जणांना विचारला, पण पस्तिशीच्या पुढचं माणूस माझ्या अभ्यासात कधी बसलंच नव्हतं. त्या दुपारी अंगणातही आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो, आणि शिडी चढून साऱ्या गावाची नजर अंगावर घेणारा माणूस मला नुसता आवडला होता.

"तू विचारलंस त्यांना?"

"इचारलं. तुमी इचारलं तसंच. चालता चालता. मरून जावं वाटतंय का तात्या, म्हटलं. मला वाटलं, आता हूं करत्यात."

"आणि?"

तिनं चष्मा काढला, ओढणीनं पुसला, परत घातला.

"व्हय म्हणाले."

शेळ्या दोरी ओढत होत्या. ती पुढे भराभरा सांगत होती. कालपासून त्यांना एकटं सोडलेलं नाही, रात्री तिचा भाऊ त्यांच्याशेजारी झोपला होता, ती स्वतः पहाटेपासून त्यांच्याबरोबर होती, आत्ता भाऊ आहे. मी जे जे तिच्या घरच्यांना समजावलं होतं ते सगळं तिनं केलं होतं. "मग मी त्यांना म्हटलं, आता हे कुणाला सांगायचं ते आपण दोघं ठरवू, पण सांगायचं हे नक्की. तर ते म्हणाले, तुझ्या मॅडमला सांग. घराबाहेर दुसऱ्या कुणाला नको."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. गाडी घेऊन आलेच होते. संध्याकाळच्या आत डॉक्टरांकडे पोहोचता येईल, मी फोन करून ठेवते, असं मी तिला म्हटलं, आणि आम्ही घराकडे वळलो.

तात्या अंगणात उभे होते. दाढी वाढलेली, मिशा न कोरलेल्या, पण पायांत बूट होते आणि नाड्या घट्ट बांधलेल्या होत्या. तिच्या भावानं माझ्यासाठी खुर्ची पुढे केली. मी खुर्चीकडे पाहिलं, तात्यांनीही पाहिलं.

"मॅडम," ते म्हणाले, "बसून न्हाई जमायचं मला."

"मलाही नाही जमत," मी म्हटलं.

ती त्यांच्या डाव्या बाजूला झाली, मी उजव्या. बांधाची वाट तिघांना पुरेल एवढी रुंद नव्हती, म्हणून मी ढेकळांतून चालले.